पाच डोकी, एक टॅब

आमच्या शाळेत टॅब आले ते वाजतगाजत. सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातलं गाव म्हटलं की निम्मी कर्ती माणसं गलाईच्या धंद्यानं बाहेर. देशात कुठल्या ना कुठल्या सराफ कट्ट्याच्या बोळात सोनं-चांदी गाळत बसलेली ही मंडळी यात्रेला मात्र गावात हजर. अशाच एका यात्रेत देवळापुढं बैठक बसली असताना कुणीतरी म्हणालं, "कळस झाला, कमान झाली, आता शाळंला कायतरी द्या की." त्या 'कायतरी'तून आठ टॅब निघाले.

नारळ फुटला, हळदीकुंकू झालं, प्रत्येक टॅबला झेंडूचा हार पडला. एका टॅबच्या काचेवर कुंकवाचं बोट उमटलं ते पुढं कितीतरी महिने तसंच होतं. त्या टॅबला कुणीतरी बोट लावलं होतं याचा तेवढाच पुरावा.

आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथी, पट एकतीस, मुख्याध्यापक सर आणि मी. सरांनी त्याच दिवशी टॅब डेडस्टॉकला चढवले. ज्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली नाही त्यांना डेडस्टॉक रजिस्टर काय असतं ते सांगून कळायचं नाही. खुर्च्या, घंटा, तराजू, पृथ्वीचा गोल, सगळं त्या वहीत. बदली झाली की एकेक नग मोजून चार्ज द्यायचा. आमच्या पृथ्वीचा खालचा स्क्रू निखळून अंटार्क्टिका कधीच बेपत्ता झालाय, पण वहीत पृथ्वी 'एक नग, सुस्थितीत' आहे. तेव्हा टॅब फुटला तर काय, हा प्रश्न सरांनी तोंडानं विचारला नाही. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली वरच्या खिशात टाकली आणि खिशावर दोनदा थापटलं.

अशी उन्हाळ्याची सुट्टीही गेली. जूनमध्ये कपाट उघडलं तर दोन टॅब उठेनात. चार्जरला लावले, तासभर वाट पाहिली, मागून थोपटलं, एकाला तर सरांनी पालथं घालून झटका दिला. पुढं विट्याच्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की या बॅटऱ्या पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने ठेवल्या की मरतात. ठेवायच्याच असतील तर निम्म्या चार्ज करून ठेवायच्या आणि अधूनमधून बघायचं. थोडक्यात, आपण ज्याला जपणं म्हणत होतो त्यानंच ते गेले. राहिले सहा. वहीत मात्र आठ, सुस्थितीत.

त्याच आठवड्यात केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज आला: 'टॅबचा अध्यापनात प्रभावी वापर करून फोटोसह अहवाल आजच सादर करावा.' आमच्याकडं 'आजच' या शब्दाला आठवड्याचे सगळे वार चालतात. तरी सरांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. जबाबदारी कशी हस्तांतरित होते ते मी त्या क्षणी पाहिलं.

पहिलं संकट चार्जिंगचं. वर्गात चालू प्लग एकच. त्यावर एक तर पंखा, नाही तर टॅब. मग भाजीच्या पिशवीत भरून सहाही टॅब मी घरी नेऊ लागले. मिक्सरशेजारी एक, देवघराच्या वायरीवर एक, बाकीचे एक्स्टेंशनवर ओळीनं. सासूबाई पहाटे पाणी तापवायला उठल्या आणि अंधारात सहा हिरवे दिवे बघून जाग्यावर थबकल्या. "अगं, शाळा घरी आणलीस व्हय?" म्हणाल्या. वीजबिल आल्यावर त्यांनी हाच प्रश्न जरा मोठ्या आवाजात विचारला.

दुसरं संकट बोटांचं. हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. मी चौथीसमोर टॅब धरला, तोऱ्यात बोट टेकलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. नखानं टोचलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, त्यो झोपलाय." ते पोरगं पुढं आलं, बोट हलकंच फिरवलं आणि टॅब माझ्या अंगावर सूड उगवल्यासारखा लख्ख उजळला.

कारण साधं होतं. जुने पडदे दाबाचे असायचे, काहीही टोचलं तरी त्यांना कळायचं. हे पडदे दाबावर चालतच नाहीत. काचेखाली विजेचं अगदी बारीक जाळं असतं. माणसाच्या बोटात पाणी आणि क्षार असल्यानं बोट विजेला वाट देतं. ते टेकलं की त्या जागचा विद्युतभार किंचित बदलतो आणि टॅबला कळतं, इथं कुणीतरी बोलावतंय. नख मेलेलं, त्याची दखल नाही. आणि बावीस वर्षं खडू धरून माझी बोटं इतकी कोरडी ठणठणीत झालीत की टॅबच्या हिशेबी मी जवळजवळ फर्निचर आहे.

पोरांची अडचण बरोबर उलटी. पहिलीच्या पोरांना पाटीची सवय. चित्र काढलं, आवडलं नाही, की थुंकी लावली, बाहीनं पुसलं आणि वाळायला हवेत हलवत चिमणी-कावळ्याला साकडं घातलं. टॅबवरही तेच झालं. थुंकीच्या थेंबाला टॅब बोट समजतो. चार थेंब पडले की त्याला वाटतं चार जण एकदम काहीतरी मागताहेत. मग आपोआप पानं उलटायला लागली, गणिताचं ॲप मिटलं, कॅमेरा उघडला. "बाई, भूत!" म्हणून अर्धा वर्ग बाकांखाली.

हे भूत उतरवायला मी बोट आणि विजेचा सगळा प्रकार समजावून सांगितला. सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी पोरांच्या दप्तरांतून काय काय निघालं! पेन्सिलीचं लाकूड: चालत नाही. खोडरबर: चालत नाही. केळं: चालतं! केळ्यानं टॅब चालतो हे कळल्यावर वर्गात जो जल्लोष झाला तो पंधरा ऑगस्टलाही होत नाही. काकडी चालली. पुढं हंगामात द्राक्षही चाललं. बेदाणा चालतो की नाही यावर दोन तट पडले, कारण पुरावा प्रत्येक वेळी कुणीतरी खात होतं. मला विचाराल तर त्या टॅबनं आमच्या शाळेत शिकवलेला पहिला खरा पाठ हा होता. आणि त्यात टॅबमधलं एकही ॲप उघडावं लागलं नाही.

तेवढ्यात पालकसभा लागली. एक आजोबा उभे राहिले. "बाई, आपल्या शेजारी कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव हाय. २०२२ पास्नं तिथं रोज सांजच्याला सातला भोंगा वाजतुया. दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. तिथं पोरांच्या हातनं काढून घेत्यात आणि तुम्ही हितं हातात देताय?" सभा माझ्याकडं बघू लागली, सर छताकडं. मी म्हणाले, "आजोबा, घरी एक पोरगं आणि एक मोबाइल असतो. इथं पाच-पाच पोरांत एक टॅब. चौघं भांडत असली की पाचव्याला बिघडायला वेळच मिळत नाही." आजोबांना ते पटलं. मला त्या क्षणापर्यंत ही गोष्ट सुचलेली नव्हती.

पण निघाली खरी. प्रत्येकाला एक टॅब मिळता तर वर्गाची खानावळ झाली असती: मान खाली, ज्याचं त्याचं ताट. एकाच टॅबवर बोलल्याशिवाय भागत नाही. "तू दाब, मी वाचतो." "थांब की, त्यो प्रश्न अजून संपला न्हाई." भांडणं व्हायची ती बहुतेक पडदा फिरण्यावरून. टॅब मधे ठेवला की समोरच्याला उलटं दिसायचं, त्यानं उचलला की चित्र फिरायचं, मग बाकीच्यांच्या माना फिरायच्या. मी दोन दिवस उपाय शोधत होते. दुसरीतल्या एका मुलीनं वरून पट्टी खाली ओढली, एक खूण दाबली आणि चित्र जागच्या जागी थांबवलं. "एवढंच होतं बाई," म्हणाली. ते 'एवढंच' मी अजून विसरलेले नाही.

पुस्तकांत छापलेले क्यूआर कोडही आम्ही वापरले, पण आमच्याकडं नेटवर्क फक्त ओढ्याकाठच्या चिंचेखाली येतं. म्हणून आदल्या संध्याकाळी मी चिंचेखाली उभी राहून दुसऱ्या दिवशीचे पाठ उतरवून घ्यायचे. गावात सुरुवातीला वेगळीच चर्चा होती म्हणे.

सर्वांत उपयोगाचं निघालं ते आवाजाचं रेकॉर्डिंग. तिसरीत एक मुलगी वर्गात कधी वाचायचीच नाही. उभी केली की पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायची. तिला टॅब दिला आणि म्हटलं, कुठंही बस, वाच, ऐक, नाही आवडलं तर पुसून टाक. ती खिचडीच्या खोलीमागं जाऊन बसली. आम्हाला ऐकवली ती सातवी खेप. त्यात पाठ अख्खा होता. मधे एक कोंबडी होती आणि शेवटी खिचडीवाल्या मावशींचं "आगं सरक, फोडणी घालायचीय". मुलीनं मावशींचं वाक्य पुसू दिलं नाही. ते पाठातच आहे असं तिचं म्हणणं.

तर असं सगळं रांकेला लागत असताना विज्ञानानं आम्हाला गाठलं. कीटकांना सहा पाय असतात हे दाखवायला मी कॅमेरा झूम करायला शिकवला. मुंगी पळाली, माशी उडाली. एक गट मात्र श्वास रोखून बसला होता. पाच डोकी एकमेकांना टेकलेली, मधे टॅब. मीही वाकून सहावं डोकं घातलं. पडद्यावर पांढऱ्या कागदावरचा एक प्राणी संथपणे चालत होता. पोटात काळसर ठिपका, सहा पाय, प्रत्येक पायाला आकडीसारखी नखी. स्पष्ट, सुरेख, पुस्तकात नसेल असं चित्र. "शाब्बास! कुठं सापडला?"

पोरं गप्प. मग दुसरीतली ती 'एवढंच'वाली म्हणाली, "बाई, तुमच्या डोस्क्यातनं पडली आत्ता."

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते, आणि त्यासाठी डोक्याला डोकं लागावं लागतं. हे मी पोरांना नंतर रीतसर शिकवलं. माझ्या पाच-पाच डोकी जोडण्याच्या पद्धतीचा सगळ्यात मोठा लाभ कुणाला झाला होता, तेही त्याच तासाला उमगलं. सर तिकडं टक्कल कुरवाळत निवांत उभे होते.

संध्याकाळी चिंचेखाली अहवाल पाठवला. नेटवर्कची एक काडी, वर डास, घाई. पाचही मुलं टॅबवर वाकल्याचा छान फोटो निवडला होता. गेला तो त्याच्या पुढचा. ग्रुपवर अख्ख्या केंद्रातल्या शिक्षकांसमोर, तारीख, वेळ आणि आमच्या शाळेच्या जागेच्या नोंदीसकट, पडदाभर ऊ. पुसायला गेले तर काडीही गेली.

घरी पोचल्यावर पाहिलं तर चिंचेखालून निघता निघताच उत्तर येऊन पडलं होतं. 'अतिशय स्तुत्य उपक्रम. शनिवारच्या शिक्षण परिषदेत सादरीकरण करावे. नमुना सोबत आणावा.'

मी तेव्हा अंगणात खाली बसले होते, मान सासूबाईंच्या गुडघ्याशी, डोक्यात रॉकेल आणि बारीक दातांची फणी. मेसेज वाचून दाखवला. फणी थांबली. त्यांनी ती दिव्यापुढं धरून नीट निरखली.

"मग एखादी काडेपेटीत ठिवू का?"