जन्मतारीख आधी तपासा भाऊ
माजी सैनिकांच्या पेन्शनवरच्या लेखात वयाच्या ८० नंतर पेन्शन वाढतं एवढंच लिहिलंय, पण ते फॅमिली पेन्शनलाही, म्हणजे फौजी गेल्यावर त्याच्या बायकोला मिळतं त्यालाही, लागू आहे हे आमच्या पारोळ्याकडं कितीक घरात माहीतच नाही. ८० ला मूळ पेन्शनच्या २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, असं वाढत जातं. पण गोम अशी की पीपीओत, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदात, आजीची जन्मतारीखच नसते, जुन्या लोकांची लग्न लावली तेव्हा कोण तारखा लिहायचं, आणि मग तारीख नाही तर वाढ नाही. म्हणून आजोबा आहेत तोवरच स्पर्श या फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर बायकोचं नाव, स्पेलिंग, आधार, जन्मतारीख जुळवून घ्या, नंतर फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला कागद पाठवत बसायची पाळी विधवेवर येते. आमच्या आजीला बँकेत 'पुढच्या आठवड्यात या' करत फिरवलं, शेवटी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज नीट भरून मिळाला.

आणि ज्यांना पेन्शनच नाही, फौजेतून अर्ध्यातच सुटून आले, हवालदार हुद्द्यापर्यंतचे, वय ६५ च्या वर, त्यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीत असलेल्यांना पैशाची मदत, असते. गावात चहाच्या टपरीवर 'पेन्शन नाही म्हणजे काहीच नाही' म्हणणारे लई भेटतात, त्यांचं ऐकू नका.