तांब्यावरचा श्लोक आणि आमचा बांध

गेल्या महिन्यात अण्णांना घेऊन एका वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. तिथं काचेच्या पेटीत एक ताम्रपट होता. तीन पत्रे कडीत ओवलेले, कडीवर राजाची मुद्रा, अक्षरं घासू नयेत म्हणून पत्र्यांच्या कडा जराशा उचललेल्या. खालच्या पाटीवर राजवंश, शतक, धातू. बस्स. अण्णांनी चष्मा वर सरकवला, "काय लिवलंय रं त्यात?"

जुनी नागरी मला अडखळतच वाचता येते. पण शेवटच्या पत्र्यावर ओळखीचा श्लोक दिसला.

बहुभिर्वसुधा भुक्ता राजभिः सगरादिभिः ।
यस्य यस्य यदा भूमिस्तस्य तस्य तदा फलम् ॥

सगरापासून कितीतरी राजांनी ही जमीन भोगली. ज्याची जेव्हा जमीन, त्याला तेव्हा तिचं फळ. चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार, यादव आले नि गेले, पण दानपत्रांच्या शेवटी हा श्लोक येतच राहिला. दान देणाऱ्याला पुढच्या राजाची धास्ती असायची ना! म्हणून पुष्कळदा जोडीला दुसराही श्लोक असतो: आपण दिलेली असो की दुसऱ्यानं, दान दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो ६०,००० वर्षं विष्ठेतला किडा होईल.

अण्णा गप्प झाले. बांध कुणी कोरला यावरून अण्णा आणि तात्या, माझे चुलते, सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. मोजणी झाली, खुणा रोवल्या, अबोला तसाच. एसटीत बसल्यावर अण्णा म्हणाले, "ते परत म्हण की." मोहोळ येईपर्यंत तीनदा म्हटला.

माझं मागणं साधं आहे. पाटीवर अर्थ लिहा, चार ओळी, मराठीत. तांबं आहे हे डोळ्यांना दिसतंच. शिवरायांच्या मुद्रेवरचा 'प्रतिपच्चंद्रलेखेव' हाही संस्कृत श्लोकच, तरी प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, हे शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. कारण कुणीतरी त्यांना अर्थ सांगितलाय.

आणि हे सोलापूरकरांनी तर म्हणायलाच हवं. भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरात तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा लेख आहे. आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. त्यातली मराठी ओळ, 'वाछि तो विजेया होइवा'. जो वाचेल तो विजयी होईल. कविता म्हणा, आशीर्वाद म्हणा. मराठी दगडावर उमटायला नुकती कुठं लागली होती, आणि तिनं वाचणाऱ्यालाच हाक मारली! ही ओळ मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

येत्या रविवारी अण्णांना घेऊन कुडलला चाललोय. तात्यांनाही फोन केला, "बघू" म्हणाले. आणखी कुणाला यायचं असेल तर कळवा, सकाळी ७ला निघू. बॅटरी मात्र आणा. उजेड आडवा धरला की अक्षरं उठून दिसतात.