ण बाणातला, ठ कुणाचा?

बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. आमच्याकडे धुळ्याला आत्याला फुई म्हणतात, पण मान तोच आणि पाठीत बसणारे धपाटेही तेच. भावाला श्रावणात मुलगी झाली आणि हा मान माझ्याकडे चालत आला. दवाखान्यातून घरी यायच्या आधीच भाऊ म्हणाला, "ताई, नाव तू ठरव. तुझाच हक्क आहे." वहिनी गोड हसली आणि तिनं मोबाइल पुढे केला. त्यात बावन्न नावांची यादी तयार होती. हक्क म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

यादीत आन्या, आद्या, अन्वी, मायरा, कायरा, रायरा. रायराचा अर्थ विचारला तर वहिनी म्हणाली, "अर्थ शोधतोय अजून."

माझं नाव वैशाली. आमच्या वर्गात पाच वैशाली होत्या. बाई हाक मारायच्या, पाचही उभ्या राहायच्या, आणि मार मात्र नेमका मला बसायचा. आता मी स्वतः बालवाडीत शिकवते आणि माझ्या वर्गात चार अन्वी आहेत. एक डबा विसरली की चार आया फोन करतात. म्हणून मी ठरवलं, आपल्या भाचीला एखादं जुनं, भारदस्त, पुसट झालेलं नाव द्यायचं. हाक मारली की एकटीच उठेल असं.

वहिनीला हे पटलंसुद्धा. "हो ताई, आता विंटेजचीच फॅशन आहे," ती म्हणाली आणि रमा, उमा, इरा, मीरा अशी नावं घेऊ लागली. तिची एकच अट, नाव दोन अक्षरी हवं आणि पुढे 'बाई' लागता कामा नये. पितळेचा हंडा घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवायचा, त्यात मनीप्लांट लावायचा. त्या हंड्यानं पाणी कुणी भरायचं नाही. तशी ही हौस.

मी नद्यांपासून सुरुवात केली. खानदेशाच्या नद्या म्हणजे मुलींच्या नावांची आयती यादीच की! शिरपूरची अरुणावती, शहाद्याची गोमाई, एरंडोलची अंजनी. सगळ्यांची थोरली ती तापी. पुराणात ती सूर्याची लेक, मुलताईला उगम पावून पार सुरतेपर्यंत जाते, 724 किलोमीटर. किती ऐट! आमच्या मागच्या पिढीत घरोघर एक तापीबाई असायची. भाऊ म्हणाला, "ताई, मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या घरात असतो. त्यात घरात आणखी एक तापी कशाला?" गिरणा म्हटलं तर त्याला पिठाची गिरणी दिसली. आमच्या दाराशी वाहणारी पांझरा तर मी मनातच ठेवली, आणि अमळनेरची बोरी उच्चारायच्या आधीच वहिनीनं पाळणा दुसरीकडे वळवला.

मग बहिणा. असोद्याची बहिणाबाई, जिच्या नावाचं आता विद्यापीठ आहे, तिच्याहून खानदेशी नाव कुठलं? भावानं विचार केला आणि म्हणाला, "कॉलेजात जी पोरं तिला हाक मारतील, ती सगळी रक्षाबंधनाला ओवाळणी घेऊन दारात." खरं सांगते, यावर मला उत्तर सुचलं नाही.

लीलावती या नावावर मात्र मी अडून बसले. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. त्यांनी 1150 साली 'लीलावती' लिहिलं, ती त्यांची मुलगी होती म्हणे. कमळांवर बसलेले भुंगे मोजत गणित शिकवणारं पुस्तक! माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "आपल्या घरात दहावीला गणितात किती कुणाला पडले, ते सांगू का?" माझ्या अठ्ठेचाळीस मार्कांचा विषय निघायच्या आत मी लीलावती मागे घेतली.

एवढ्यात गुरुजी आले. पोरगी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झालेली. पंचांग पाहून म्हणाले, "हस्त नक्षत्र, चौथं चरण. अक्षर ठ."

घरात शांतता पसरली.

"ठ?"

"ठ. चार-सहा तास आधी झाली असती तर तिसरं चरण. मग ण आलं असतं."

ण बाणातला. त्यापुढे शब्दच नाही. ठ निदान ठसक्यातला आहे, असं मी वहिनीचं सांत्वन केलं. पुण्याहून विहीणबाईंनी फोनवर 'ठुमरी' सुचवलं. आमचे धाकटे काका ओट्यावर शेव-मुरमुरे खात बसले होते. ते तोंड न पुसता म्हणाले, "त्यात काय? ठकूबाई!"

आता हे नाव खरंखुरं जुनं. लाकडी बाहुलीला ठकी म्हणायचे, ती ठकी. विंटेज मागत होतो ना, घ्या! वहिनी रडायला लागली. पण काकांच्या तोंडून निघालेलं नाव गल्लीत गेलं ते गेलंच. संध्याकाळी कानबाईच्या रोटांसाठी गहू निवडायला बसलेल्या बायका विचारत होत्या, "ठकीनं दूध घेतलं का?"

शेवटी मी माझा हुकमाचा पत्ता काढला. आमची आजी, जिला आम्ही मोठी माय म्हणतो, पंच्याऐंशीची आहे आणि तिचं नाव द्वारका. द्वारका! तीन अक्षरी, पण काय वजन. मी तिच्या खाटेजवळ बसले, तिचा हात हातात घेतला आणि जरा घोगऱ्या आवाजात म्हटलं, "मोठी माय, पोरीला तुझं नाव ठेवू या."

वाटलं, म्हातारी पदर डोळ्याला लावेल.

"येडी व्हयनी का तू?" मोठी माय म्हणाली. "ते मनं नाव नही. मना सासरानी ठेयेल नाव शे ते."

तिचं लग्न झालं त्या वर्षी सासरे द्वारकेची यात्रा करून आले होते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, द्वारका. सासरे रामेश्वरला गेले असते तर काय झालं असतं, याचा मी विचार केला नाही. सत्तर वर्षं ती त्या नावाला ओ देत आली. रेशनकार्डावर तेच, मतदार यादीत तेच.

"मग तुझं नाव काय?"

तिनं दाराकडे पाहिलं. काका तिथं नाहीत याची खात्री करून हळूच म्हणाली, "सुपडी."

तिच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. म्हणून ही जन्मल्यावर तिला सुपात घातलं आणि उंबऱ्यापर्यंत ओढत नेलं, देवाला वाटावं की केर चाललाय, आणि त्यानं पुढच्या घरी जावं. खानदेशात सुपडू, उखर्डू, दगडू, भिका ही नावं अशीच आली. सगळी देवाच्या नजरेतून निसटलेली पोरं. मी तिचा हात धरून बसले होते, पण आता काय बोलावं ते सुचेना.

"पोरले नवं नाव ठेवा," ती म्हणाली. "माले त अन्वी आवडस."

तिकडे भाऊ जन्मनोंदणीच्या खिडकीवर जाऊन आला, तो भलताच खुशीत. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण नाव नंतर भरता येतं. वर्षभरात भरलं तर फुकट, त्यानंतर विलंब शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. "पंधरा वर्षं!" तो म्हणाला. "तोवर तीच ठरवेल." शिवाय 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. म्हणजे पुढचं नाव काहीही असलं तरी वहिनी त्याच्याच शेजारी बसणार, हे कळल्यावर ती थोडी शांत झाली. पण बारसं पंधरा वर्षं थांबणार नव्हतं.

बाराव्या दिवशी पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचं पातेलं आणि माझ्यामागे दहा-बारा बायका, हात वर करून. मी वाकले, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. मग सरळ उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "अन्वी!"

पाठीत धपाटे पडले. वहिनीनं मला मिठी मारली. काका म्हणाले, "ठकीच बरं होतं." माझ्या वर्गात तीन वर्षांनी किती अन्वी असतील, ते मी मोजलं नाही.

बायका घुगऱ्या घेऊन गेल्यावर मोठी मायनं मला जवळ बोलावलं. कानानं ती अधू आहे, पण डोळ्यांनी नाही. ओठांवरून सगळं वाचते.

"काय सांगं वं तू तिना कानमा?"

"कुर्रर्र," मी म्हटलं.

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग पाळण्याची दोरी ओढत म्हणाली, "झोप वं सुपडे."