मामा, ही सहकारी सोसायटी नाहीये! (आणि एफडी मोडू नका)

परवा रात्री साडेदहाला मामांचा फोन. मामा म्हणजे विकास सोसायटीत तीस वर्षं गटसचिव होते, हिशोबात एक रुपया इकडचा तिकडे झाला तर जेवण जायचं नाही असा माणूस. म्हणाले, "अरे एक मेसेज पाठवलाय बघ, चांगलं वाटतंय, एफडी मोडावी म्हणतोय." उघडला तर तोच, हिरव्या टिकमार्कवाला, जो मला तीन ग्रुपवरून आधीच येऊन गेलाय. त्यात म्हटलंय की क्रिप्टोला मालक नाही म्हणून नियम कोणी बदलू शकत नाही, कोड हाच कायदा, एक कॉइन एक मत म्हणजे ही जगातली सगळ्यात मोठी सहकारी सोसायटी, टोकन घ्या आणि सभासद व्हा, आणि सरकार ३० टक्के टॅक्स घेतं म्हणजे सरकारमान्यच. एरवी मी डिलीट करून मोकळा होतो, पण सहकाराचं नाव घेऊन गटसचिवाला गंडवायला निघालेत म्हटल्यावर डोकंच फिरलं.

आधी त्या सोसायटीचंच बघू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम २७. मामांना पाठ आहे, फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नावही ऐकलं नसेल. एका सभासदाला एकच मत, शेअर्स पाच असोत नाहीतर पाच हजार, आणि ते मत स्वतः येऊन द्यायचं, प्रॉक्सी चालत नाही. "एक कॉइन एक मत" हे याच्या बरोब्बर उलटं आहे. ज्याच्याकडे दहा लाख कॉइन त्याला दहा लाख मतं. याला कंपनी म्हणतात, तीही भागधारकांना कायद्याचं संरक्षण नसलेली.

आणि प्रॉक्सीचं काय होतं ते ऐका. स्टीम नावाचं नेटवर्क होतं. तिथे कॉइनच्या वजनावर मतं घेऊन वीस मुख्य विटनेस निवडायचे, म्हणजे आपलं संचालक मंडळच समजा. स्टीमिट कंपनीकडे सुरुवातीपासूनचा कॉइनचा मोठा साठा होता आणि तो मतदानाला वापरणार नाही असं आश्वासन होतं, आश्वासन हां, कोडमध्ये काही नव्हतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या क्रिप्टो नेटवर्कच्या जस्टिन सनने कंपनीच विकत घेतली. विटनेस घाबरले, त्यांनी तो साठा गोठवला. (ज्या नेटवर्कवर कोणी काही गोठवू शकत नाही म्हणतात, तिथे!) मग २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजकडे, म्हणजे कॉइन खरेदी-विक्रीच्या बाजारांकडे, लोकांनी ठेवलेले कॉइन मतदानाला वापरले गेले आणि वीसच्या वीस विटनेस बदलले. ज्यांचे कॉइन होते त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही, वर मतदानासाठी लॉक केलेले कॉइन मोकळे व्हायला तिथल्या नियमाने १३ आठवडे लागायचे. म्हणजे मामा, ठेवीदारांच्या पावत्या काढून पतसंस्थेच्या मॅनेजरनेच मतदान करून टाकलं. पुढे बोंब झाल्यावर बायनान्स आणि हुओबीने मतं मागे घेतली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. जुनी मंडळी २० मार्चला हाइव्ह नावाचं वेगळं नेटवर्क काढून निघून गेली, आणि मे महिन्यात स्टीमवर नियम बदलून विरोधकांच्या खात्यातले दोन कोटींहून जास्त कॉइन काढून घेतले. नियम बदलू शकत नाही म्हणे! हाइव्हने मात्र शहाणपणा केला, नव्याने लॉक केलेल्या कॉइनला ३० दिवस अशा मतदानात वजनच द्यायचं नाही असा नियम घातला.

तो नियम किती गरजेचा आहे ते बीनस्टॉक नावाच्या दुसऱ्या क्रिप्टो प्रकल्पाला कळलं. एप्रिल २०२२, एकाने फ्लॅश लोन घेतलं, म्हणजे एकाच व्यवहारात घ्यायचं आणि त्यातच फेडायचं असलं कर्ज, त्यातून मतं मिळवली, आपलाच प्रस्ताव पास केला, तिजोरी रिकामी केली आणि कर्ज फेडलं. नुकसान सुमारे १८ कोटी डॉलर. निवडणुकीत पैसे वाटणारे आपण पाहिलेत, पण मतंच उधारीवर घ्यायची आणि मिनिटभरात परत करायची ही कला आपल्याकडे अजून आलेली नाही.

कोड हाच कायदा? २०१६ मध्ये इथेरियम या नेटवर्कवर द डाओ नावाच्या सामायिक गुंतवणूक निधीमधून चोराने ३६ लाख इथर (तिथले कॉइन) पळवले, तेव्हा महिन्याभरात नेटवर्कचाच नियम बदलून ते परत काढले. ज्यांना पटलं नाही ते इथेरियम क्लासिक म्हणून वेगळे राहिले. संपला कायदा.

आता एक मान्य करावं लागेल, मनाविरुद्ध का होईना. बिटकॉइनपुरतं "एकटा कोणी नियम बदलू शकत नाही" हे बरंचसं खरं आहे. मे २०१७ मध्ये ५८ कंपन्या आणि ८० टक्क्यांहून जास्त मायनिंग ताकद (व्यवहार नोंदवणाऱ्या कॉम्प्युटरांची ताकद) एकत्र येऊन ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदवहीचं एकेक पान, मोठा करायचं ठरवून बसली होती, तरी नोव्हेंबरमध्ये गाशा गुंडाळावा लागला, कारण स्वतःचे नोड, म्हणजे नियम तपासणारे कॉम्प्युटर, चालवणारे बरेच जण ऐकेनात. पण यातली गंमत बघा, बिटकॉइनमध्ये कॉइनला मतच नाही! तुम्ही शंभर कॉइन घेऊन बसलात तरी कसलं मतदान नाही. म्हणजे फॉरवर्डमधला जो मुद्दा थोडाफार खरा आहे तो बिटकॉइनचा, आणि विकताहेत ते मतदानवालं कुठलंतरी टोकन. आणि बिटकॉइनमध्येही ऑगस्ट २०१० ला बगमुळे १८४ अब्ज कॉइन तयार झाले होते, ते काही तासांत माणसांनीच दुरुस्त केले, एकूण कॉइनवरची २.१ कोटींची मर्यादा काही आकाशातून राखली गेली नाही.

राहिला टॅक्स. ३० टक्के लॉटरीच्या बक्षिसावरही आहे. आणि क्रिप्टोत एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही.

मामांना एवढं सगळं फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे पोटनियम कुठे बघायला मिळतात ते आधी विचारतो मेसेज पाठवणाऱ्याला." विचारलं. त्या माणसाने तोच मेसेज पुन्हा पाठवलाय.