घर तळ्याकाठी, बॅरल दाराशी

सोलापुरात तळ्याकाठी स्वस्त, पर्यावरणपूरक, मालवाहू कंटेनरच्या खोक्याला खोकं जोडून उभी राहणारी घरं बांधायची ठरवलीत, हे झकास झालं. आता पहिली खबरदारी: सोलापुरात येऊ नका. एप्रिलमध्ये तर मुळीच नको. पारा 43-44 वर गेला की माणसाला भलत्या शंका सुचतात. पुण्यातच एसीत बसा, सिद्धेश्वर तलावाचा ड्रोननं काढलेला फोटो उतरवून घ्या आणि त्यावर कोपनहेगनच्या बंदरातली विद्यार्थ्यांची तरंगती घरं चिकटवा. तीही मालवाहू कंटेनरचीच आहेत, त्यामुळे तंत्रज्ञान सिद्ध झालेलं आहे असं खुशाल लिहा. फोटोत मंदिर आणि किल्ल्याचा बुरूज राहू द्या. ‘स्थानिक संस्कृती’ नावाची एक स्लाइड लागतेच.

हे तळं बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून खोदलं, असं सोलापूर मानतं. कोरडवाहू मुलखात पाणी साठवायला म्हणून. आपल्या कामाला ते बाल्कनीतून दिसलं तरी पुरे.

आता खोकं. वीस फुटी कंटेनर आतून साधारण 5.9 मीटर लांब आणि 2.35 मीटर रुंद असतो. असे दोन जोडले की 28 चौरस मीटरच्या जवळ जाता. पंतप्रधान आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात दुर्बल घटकाच्या घराला 30 चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र चालायचं, म्हणजे त्या नियमात तुम्ही बसलात. माणसं बसतात का, हा प्रश्न निविदेत नसतो. मग उन्हासाठी दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंचांचं अस्तर लावा. रुंदी सव्वादोन मीटर उरेल. त्यात पलंग आडवा टाकला की घरातल्यांनीही आडवंच चालायचं. शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या मागवाल्यानं विचारलं, की यात माझा पॉवरलूम कुठं बसवू, तर त्याला ‘मल्टिपर्पज स्पेस’ दाखवा. लोखंडी खोक्यात माग सुरू झाला की शेजारच्याची भांडीही तालात वाजतील. त्याला सामुदायिक जीवन म्हणायचं.

अस्तर परवडत नसेल तर सोडून द्या, आणि खर्चाच्या रकान्यात ‘बचत’ लिहा.

इथं एखादा म्हातारा माळवदाची गोष्ट काढेल. हातभर जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर कितीही तापलं तरी ते ऊन आत पोचायला संध्याकाळ होते. हे सगळं शांतपणे ऐकून घ्या. मग सांगा, की काका, तुमच्या माळवदाला मॉड्यूल नाही. ते क्रेननं उचलता येत नाही. (मलाही हे वाक्य एकदा ऐकवलं गेलंय. मी गप्प बसलो. क्रेनपुढं कुणाचं काय चालणार?)

सिद्धेश्वरच्या काठी जागा मिळाली नाही तरी खचू नका. कंबर तलाव आहे. तिथली जलपर्णी चित्रात हिरवळीसारखी दिसते, लॉनचा खर्च वाचला. हिप्परग्याला 1871 चा एकरुख तलाव आहे. तिथं अ‍ॅमस्टरडॅमसारखी तरंगती घरं सुचवा: खाली काँक्रीटचं पोकळ टोपलं, बाजूला पोलादी खांब, पाणी वरखाली झालं की घरही वरखाली. तिकडं पाण्याची पातळी ठरवून राखतात. इकडं दुष्काळात तळ उघडा पडतो, तेव्हा घर चिखलात एका कुशीवर टेकेल. त्या दिवसांसाठी ‘झुकतं घर’ अशी वेगळी योजना काढा.

फारच मोठं स्वप्न असेल तर थेट उजनी गाठा. 117 टीएमसीचं धरण, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठाच. आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी या मृतसाठ्यात उतरलं की ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं लोक भाव उतरल्यासारखं बोलतात. मायनसमध्ये पळसदेवचं जुनं मंदिर पाण्याबाहेर येतं. तुमची घरंही येतील, पर्यटन वाढेल.

नदीकाठच धरलात तर पूररेषा आडवी येईल. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. निळ्याच्या आत बांधकाम नको असं म्हणतात. आपलं पाणीही निळंच काढलेलं असतं. रेषा त्यात मिसळून जाते. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला आलेला पूर कुणी आठवून दिलाच, तर ‘पाण्याशी नातं’ ही स्लाइड पुढं सरकवा.

कुंभारीला मात्र जाऊ नका. तिथं विडी कामगार बायकांसाठी आधी दहा हजार घरं झाली, मग रे नगरची तीस हजारांची योजना आली, त्यातली पंधरा हजार जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. ना तळं, ना नदी. त्यासाठी माणसांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आणि मोर्चाचा रेंडर, म्हणजे संगणकावरचं चकचकीत चित्र, काही बनत नाही.

तरीही कधीतरी नमुना घर मांडावं लागेल आणि बघायला कुणीतरी विडी कामगार बाई येईलच. दुपारी दोनला येईल, कारण सकाळी पान कापायचं असतं आणि संध्याकाळी कारखान्यात विड्या द्यायच्या असतात. दाराच्या कडीला हात लावेल, चटका बसेल, मग पदर गुंडाळून कडी उघडेल. तुमचं तलावदृश्य तिला दिसणार नाही. ती उजेड कुठून येतो ते बघेल, सूप मांडीवर घेऊन बसल्यासारखी उंबऱ्यापाशी बसून बघेल. भिंतीवर बोटानं टकटक करेल. मग दोन्ही हात पसरून कोपऱ्याचं माप घेईल आणि विचारेल, ‘ओ साहेब, बॅरल कुठं ठेवू?’

दोनशे लिटरचं निळं बॅरल. वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी आलेल्या शहरात दाराशी ते असतंच, बहुतेक एकाला दोन. तुमच्या खोक्यात ते मावत नाही. मोरीत ठेवलं तर मोरी संपते, दारात ठेवलं तर दार उघडत नाही. इथं गडबडू नका. तिचं म्हणणं वहीत उतरून घ्या, ‘लाभार्थी सहभाग’ म्हणून तिचा फोटो काढा, आणि पुढच्या आराखड्यात बाल्कनीत बॅरल दाखवाच. त्यात बोगनवेल लावा.