चाळीस लाखाचा हिशेब मी स्वतः लिहिलाय

परवा कोल्हापुरात मिरजकर तिकटीला चहाला थांबलो होतो, शेजारी दोघं तावातावानं बोलालते. एक म्हणतोय, "आमदारकीला खर्चाचं चाळीस लाख लिमिट हाय म्हणं. एवढ्यात नुसता पांढऱ्या रश्श्याचा नारळ तरी येतोय काय रं?" मी पण हसलो. पण घरी आल्यावर वाटलं आता लिहावंच, कारण २०२४ च्या विधानसभेला आपल्याच जिल्ह्यातल्या एका उमेदवाराचं खर्चाचं रजिस्टर मी लिहीत होतो. नाव विचारू नका, पक्ष तर अजिबात विचारू नका.

सगळ्यांना वाटतं की उमेदवार खोटा हिशेब देतात. देतातच, त्यात काय नवीन नाही, पण तिथं बसल्यावर मला कळलं की खोटं लिहायची गरज लय कमी पडते. कायद्यानंच एवढी मोकळी वाट दिलीय की कुंपणावरनं उडी मारायचं कामच नाही.

आता बघा, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७७ म्हणतंय की अर्ज भरल्याच्या दिवसापासनं निकालापर्यंतचा खर्च धरायचा. २०२४ ला अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर आणि निकाल २३ नोव्हेंबरला, म्हणजे शेवटच्या दिवशी अर्ज भरला तर जेमतेम साडेतीन आठवडे. त्याच्या आधी खर्चून संपवलेलं सगळं माफ! श्रावणात बायकांना आदमापूरला बाळूमामाच्या दर्शनाला गाड्या सोडल्या, माफ. गणपतीत मंडळांना टी-शर्ट, साउंडचं भाडं, चौकाचौकात 'भावी आमदार' चे डिजिटल बॅनर, पैठणीचे खेळ, सगळं माफ. आमच्या घरात उटणं-साबणाचा बॉक्स दसऱ्यालाच येऊन पडला, दिवाळी लांब होती तरी. आई म्हणाली एवढ्या लवकर कशाला, मी म्हटलं आई, दिवाळीची नाही, अर्जाची तारीख बघून आलाय तो.

आणि अर्ज भरल्यावर काय होतं? रेट कार्ड येतं. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, हार, सगळ्याचा दर जिल्हा निवडणूक कार्यालयानं ठरवलेला. आपलं एक रजिस्टर आणि त्यांच्या पथकाचं एक शॅडो रजिस्टर, म्हणजे आपल्या खर्चाची त्यांनी वेगळी ठेवलेली नोंद, प्रचार संपेपर्यंत तीनदा तपासणी. एका तपासणीला चहाच्या कपांचा आकडा जुळत नव्हता म्हणून अर्धा तास मी घाम पुसत उभा, आणि तेवढ्यात बाहेर आभाळात हेलिकॉप्टर घरघरतंय, ज्याचा एक रुपया माझ्या वहीत येणार नव्हता. मान्यताप्राप्त पक्षाला ४० स्टार प्रचारक देता येतात, त्यांचा प्रवास उमेदवाराच्या खर्चात धरत नाहीत. उमेदवार त्यांच्यासोबत स्टेजवर बसला तर मंडपाचा वाटा आमच्या नावावर पडणार, हेलिकॉप्टरचा नाही. आणि पक्षानं स्वतः किती खर्चावं याला तर लिमिटच नाही! १९७४ ला सुप्रीम कोर्टानं एका केसमध्ये सांगितलं होतं की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्च पण त्याच्याच खात्यात धरा, तर त्याच महिन्यात सरकारनं वटहुकूम काढून कायदाच फिरवला. २००३ ला थोडं आवळलं, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराची वाट अजून उघडीच आहे.

डमी अपक्षांचं, म्हणजे मोठ्या उमेदवारानंच आपल्या सोयीसाठी उभ्या केलेल्या अपक्षांचं, तर काय बोलायचं. त्याला पण चाळीस लाखाचीच मुभा, त्याच्या नावावर गाड्यांचे पास निघतात, बूथवर त्याचा एजंट बसतो. गाडी त्याची, आतली माणसं आपली. मतमोजणीला त्याला किती मतं पडली हे त्याला स्वतःलाच दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं.

एकच माणूस खरं बोलून गेला असं मला वाटतं. गोपीनाथ मुंडे २०१३ ला जाहीर कार्यक्रमात म्हणाले की २००९ च्या लोकसभेला माझा आठ कोटी खर्च झाला. तेव्हा लिमिट होतं २५ लाख. निवडणूक आयोगाची नोटीस आली. म्हणजे बाकीच्यांनी काय धडा घेतला असंल ते तुम्हीच ओळखा.

त्यामुळं लिमिट वाढवा, कमी आहे, असं कोण म्हटलं की माझं डोकं फिरतं. चाळीसचे ऐंशी करा, नाहीतर दोन कोटी करा, मोजपट्टी शेवटच्या साडेतीन आठवड्यालाच लावणार असाल आणि पक्षाला मोकळं सोडणार असाल तर उपयोग काय? आधीचं वर्षभर मोजा आणि पक्षाला पण आकडा घाला, मग बघू कोण उभं राहतंय.

आमचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांच्या आत दिला. नाही दिला तर तीन वर्षं अपात्र करता येतं, म्हणून हिशेब द्यायला सहसा कोण चुकत नाही. लिमिटच्या निम्म्याच्या आत बसला होता. कुणी एक प्रश्न विचारला नाही.

आणि मी काय धुतल्या तांदळाचा नाही. गेल्या महिन्यात मंडळाची मीटिंग होती, फुटबॉल टीमच्या किटचे पैसे एका 'साहेबां'कडनं आलेत, निवडणूक अजून लांब आहे. पावतीवर नाव काय घालायचं यावर तासभर खल झाला. शेवटी ठरलं, 'एक हितचिंतक'. अक्षर बरं आहे म्हणून पावती मीच फाडली.