‘एका क्लिकचं काम’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार निनावी साहेब (की बाई, कळायला मार्ग नाही),

माझ्या फोटोवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की ढग आणि बाभळी ब्लॅक अँड व्हाइट केल्या की झाला मूड, हे एका क्लिकचं काम आहे, कशाचा फोटो तेच कळत नाही, क्षितिज वाकडं, आणि कोपऱ्यातलं माझं नाव भलतंच मोठं. नाव मोठं झालंय, मान्य, बारीक करतो. पण शेवटी ‘चार लाईक मिळाले की हल्ली कुणीपण कलाकार’ हे कशाला? फोटो नाही आवडला तर नाही आवडला म्हणा की, ही काय बोलायची पद्धत झाली?

आता ते क्लिक. मोबाईलमधला मोनो, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटचं बटण, दाबून बघाच एकदा. निळं आभाळ आणि पांढरा ढग दोन्ही जवळजवळ एकाच राखाडीत जातात, फोटो धुऊन काढल्यासारखा दिसतो. आभाळ गडद पाहिजे तर निळा अडवावा लागतो, फिल्मच्या काळात त्यासाठी लेन्सवर लाल फिल्टर लावायचे, ढगाकडून सगळेच रंग येतात म्हणून तो उजळ राहतो. पण त्याच फिल्टरनं हिरवी पानंपण काळी पडतात आणि झाड आभाळात बुडायला लागतं, मग कुठं थांबायचं हे डोळ्यांनीच ठरवावं लागतं, त्याचं बटण नसतं. सोलापुरातल्या होटगी रोडच्या बाभळीत मी पानं मुद्दाम जाऊ दिली, फांद्यांची नुसती जाळी ठेवली, आणि तुम्ही विचारताय झाड कुठलंय!

आणि हे मला शिकवू नका हो. आमच्या वडिलांचा स्टुडिओ होता नवी पेठेत, हायपोच्या, म्हणजे फोटो धुवायच्या रसायनाच्या वासात वाढलोय मी. आभाळ फिकं आलं की ते झाडाच्या आकाराचा पुठ्ठा कापून एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) धरायचे आणि आभाळाला जास्तीचा उजेड द्यायचे, कागदावर जास्त उजेड म्हणजे जास्त काळं, पुठ्ठा सारखा हलवत, कारण हात थांबला की झाडाभोवती पांढरी कड उमटलीच, कागद वाया. तेव्हा कुठलं क्लिक होतं?

‘नुसत्या ढगात काय बघायचं’ हे तर जुनंच आहे. अमेरिकेत आल्फ्रेड स्टिगलिट्झ नावाचा फोटोग्राफर 1922 पासून ढगच काढत बसला होता, कितीतरी फोटोंत जमीनसुद्धा नाही, वर कुठलं खाली कुठलं सांगता येत नाही. तो माणसांवर मोहिनी घालतो म्हणून त्याचे फोटो चांगले येतात असं कुणीतरी लिहिलं, म्हणून गडी ढगांकडे वळला. म्हणजे असल्या कमेंटी तेव्हापण होत्या.

‘इथं पाऊस नाही आणि तुम्हाला ढगांचं कौतुक’ यावर काय बोलू. कृत्रिम पावसाच्या प्रयोगाला 2018 आणि 2019 ला शास्त्रज्ञ सोलापुरातच आले होते ना? भरून येतं आणि न पडता पुढं जातं ते आभाळ मी नाही काढायचं तर कुणी काढायचं, कोकणातल्यांनी?

राहिलं क्षितिज. तो माळच उताराचा आहे, जाऊन बघा.